पाण्याची वाट, पायांची वाट

मुळशीतलं पाणी मुळेतून पूर्वेला जायचं. टाटांच्या धरणाने ते बोगद्यातून, नळांतून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. तिथून कुंडलिकेने रेवदंड्याच्या खाडीत. या धरणाविरुद्ध १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. गावं मात्र बुडालीच.

तोच उतार पायी उतरायचा तर अंधारबन. ताम्हिणीजवळच्या पिंप्रीपासून कुंडलिका दरीच्या काठाने, भर दुपारीही सावली न सोडणाऱ्या रानातून हिरडीला. पुढे भिऱ्यापर्यंत गुडघ्यांची परीक्षा. अंतर साधारण १३ किलोमीटर. पावसात ओढे अंगावर येतात, दगड शेवाळतात. वनखात्याची बंदी नाही ना, विचारूनच निघा.

गर्दी नको? तैलबैलाच्या जुळ्या भिंतींजवळून सवाष्णी घाट सुधागडाकडे उतरतो. वाटाड्या घ्याच.