विश्लेषण : चाहते असूनही सायफाय मालिका अर्ध्यावर का बंद पडतात?

‘१८९९’ ही सायफाय मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. शेवटच्या भागात कथेने मोठे वळण घेतले. पण पुढे काय झाले, हे प्रेक्षकांना कळलेच नाही. जानेवारी २०२३ मध्ये मालिका बंद झाल्याचे जाहीर झाले. ‘डार्क’सारखी गाजलेली मालिका देणाऱ्या निर्मात्यांवर ही वेळ का आली? सायफाय आणि फँटसीबाबत असे वारंवार का घडते?

खर्चाचे गणित काय?

कौटुंबिक मालिकेत दिवाणखान्याचा एक सेट वर्षानुवर्षे चालतो. सायफायमध्ये यान, वेशभूषा, व्हीएफएक्स असे सारे जगच नव्याने उभे करावे लागते. त्यामुळे प्रेक्षकसंख्या सारखी असली तरी एक मालिका नफ्यात, तर दुसरी तोट्यात जाते. ‘सेन्स ८’चे चित्रीकरण मुंबई, नैरोबी, सोल, बर्लिन अशा शहरांत झाले. दोन सीझननंतर २०१७ मध्ये ती बंद झाली. चाहत्यांनी मोहीम चालवल्यावर २०१८ मध्ये समारोपाचा एक विशेष भाग मिळाला.

वाहिनीचा दोष किती?

‘फायरफ्लाय’ला २००२ मध्ये फॉक्सने शुक्रवार रात्रीची वेळ दिली. त्या वेळी तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. भागांचा क्रमही बदलला. पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग सर्वांत शेवटी दाखवला गेला. १४ पैकी ११ भाग प्रसारित होऊन मालिका गुंडाळली गेली.

हक्कांचा मुद्दा काय?

‘द एक्स्पान्स’ दाखवणाऱ्या ‘सायफाय’ वाहिनीकडे अमेरिकेत फक्त टीव्हीवरील पहिल्या प्रसारणाचे हक्क होते. नंतर ऑनलाइन पाहणाऱ्यांचा तिला फायदा नव्हता. २०१८ मध्ये तिने मालिका सोडली. अ‍ॅमेझॉनने ती उचलली आणि सहा सीझन पूर्ण झाले.

प्रेक्षकांचा वाटा किती?

पत्रांचा पाऊस पाडून चाहत्यांनी ‘स्टार ट्रेक’ला तिसरा सीझन मिळवून दिला होता. तरीही १९६९ मध्ये ती थांबली. पुढे पुनःप्रसारणात तिला अफाट लोकप्रियता मिळाली. आज तेवढी उसंत मिळत नाही. किती जणांनी मालिका सुरू केली आणि किती जणांनी संपवली, हे स्ट्रीमिंग कंपन्यांना लगेच कळते. दुसरीकडे, वारंवार पोळलेला प्रेक्षक ‘आधी पूर्ण होऊ दे, मग बघू’ म्हणतो. सुरुवातीचे आकडे त्यामुळे आणखी घसरतात आणि पुढची मालिकाही बंद पडते. सुरुवातीलाच शेवटाची हमी मिळाली, तरच हे दुष्टचक्र तुटू शकेल.