एक्झॉस्ट ब्रेक : कार्य आणि दोषशोधन

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ, मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या उतारावर एका मालट्रकने एकामागोमाग वाहनांना धडक दिली. सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. ट्रकचे ब्रेक निकामी झाले असावेत, असे आधी म्हटले गेले. पण चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असे प्राथमिक तपासात आढळल्याच्या बातम्या नंतर आल्या. इंजिन बंद केले की एक्झॉस्ट ब्रेक काय करू शकतो? काहीच नाही. हे उत्तर का येते, तेथून सुरुवात करू.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल मिटतो आणि हवा खेचण्यातच इंजिनाची शक्ती जाते. पारंपरिक डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर असा थ्रॉटल नसतो. पिस्टन हवा दाबतो आणि तीच हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, म्हणून इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी टर्बोच्या पुढे एक्झॉस्ट पाइपात फुलपाखरी झडप बसवतात. झडप मिटली की पाइपात दाब साठतो आणि एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये पिस्टनला त्या दाबाविरुद्ध काम करावे लागते. हा विरोध गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला असेल, तर ही साखळीच तुटते.

गरज किती आहे ते आकड्यांत पाहू. बेंगळुरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथून मंगळुरूला जाणारा ट्रक शिराडी घाटाने खाली उतरतो. उदाहरणादाखल १६ टनांचा ट्रक ३०० मीटर खाली उतरला असे धरू :

१६,००० × ९.८ × ३०० ≈ ४७ मेगाज्यूल

हा उतार ६ किलोमीटरचा आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर १२ मिनिटे लागतात. म्हणजे सरासरी ६५ किलोवॉट : दोन किलोवॉटचे बत्तीस गिझर एकदम चालू ठेवण्याइतके. हवेचा आणि रस्त्याचा विरोध यातला थोडाच भाग घेतो. उरलेली सगळी उष्णता ड्रमवर आली, तर लायनिंग तापते आणि पकड ढिली पडते.

आता दोषशोधन. आपल्याकडच्या ट्रकांत ही झडप सहसा हवेच्या दाबाच्या सिलिंडरने हलते. परदेशी डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्युम किंवा टर्बोची बदलती पाती हेच काम करतात. तपासाचा क्रम मात्र सगळीकडे सारखाच : आधी वीज, मग हवा, शेवटी यांत्रिक भाग. बरेच जण उलट करतात, आधी झडप खोलतात आणि दोष एखाद्या स्विचमध्ये निघतो.

डॅशबोर्डचा स्विच, क्लचचा स्विच आणि ॲक्सिलरेटरचा स्विच जुन्या गाड्यांत एकाच मालिकेत असतात. एक उघडा राहिला की सगळे बंद. क्लच पेडलची सेटिंग बिघडली, तर पाय काढल्यावरही तो स्विच क्लच दाबल्यासारखाच वागतो. मल्टिमीटरने प्रत्येक स्विचनंतर व्होल्टेज मोजा. जेथे ते नाहीसे होते तेथे दोष. ईसीयू असलेल्या गाडीत सोलेनॉइडला थेट बॅटरी जोडण्याआधी कनेक्टर काढलाच पाहिजे, नाहीतर दुसराच खर्च उभा राहतो.

सोलेनॉइडला योग्य व्होल्टेज मिळूनही 'टक' आवाज नाही, तर कॉइल किंवा अर्थिंग पाहा. आवाज येतो पण हवा पुढे जात नाही, तर प्लंजर अडकला आहे किंवा नळी चोंदली आहे. हवा सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि दांडा हलत नाही, तर दांडा झडपेपासून सोडवा. आता तो हलला, तर जाम आहे ती झडप; नाही हलला, तर सिलिंडर. झडप जाम होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे काजळी, आणि ज्या गाडीत हा ब्रेक महिनोन्महिने वापरला जात नाही तेथे ती हमखास साचते. साफसफाई पाइप थंड झाल्यावरच करा. साधे ग्रीस लावू नका, ते जळून आणखी थर चढतो.

सर्व काही हलते, तरी गाडी रोखली जात नाही? मग झडपेच्या अलीकडे गॅस्केटमधून वायू गळतो का, लिंकेजची पिन झिजली आहे का, आणि ब्रेक लागताना इंधन खरोखर तुटते का, हे पाहा.

याच्या उलट बिघाडही होतो. झडप मिटलेलीच राहिली, तर इंजिन दम तोडते, काळा धूर येतो, कधी सुरूच होत नाही. परत खेचणारी स्प्रिंग आणि सोलेनॉइडची हवा बाहेर सोडणारी वाट तपासा.

एक मोह टाळावा. ब्रेक जास्त लागावा म्हणून काही जण स्टॉप स्क्रू फिरवून झडप पूर्ण मिटवतात. तेथे मुद्दाम थोडी फट किंवा छिद्र ठेवलेले असते. दाब मर्यादेपलीकडे गेला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटवरून उचलले जातात. म्हणून सेटिंग डोळ्यांनी न करता प्रेशर गेज लावून, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत करावी.

काम चालू असताना चाकांना लाकडी ठोकळे लावलेले हवेत. शेवटची चाचणी कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये घ्यावी. हा ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांनाच रोखतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर रिकाम्या ट्रकची मागची चाके घसरू शकतात.