शिक्षेच्या गावी एक दिवस

सकाळी ६.००
जाग येते ती ठसक्याने. जानेवारीत नंदुरबारच्या भोवती मिरचीच्या पथाऱ्या लाल होऊन पडलेल्या असतात आणि वारा फिरला की तिखट थेट उशाशी येतं. इथे नवा माणूस ओळखायचा असेल तर त्याची भाषा ऐकायची गरज नाही, शिंका मोजाव्यात. मला येऊन अकरा महिने झाले. गेल्या वर्षी दिवसाला वीस-पंचवीस शिंका यायच्या, आता दोन-तीनवर भागतं.

बँकेने सांगलीहून इकडे बदली केली तेव्हा शाखेतल्या लोकांनी निरोप समारंभात सांत्वन केलं होतं. नंदुरबार म्हणजे शिक्षेची बदली, हे सरकारी नोकरीतलं पाठांतर. १९९८ च्या जुलैत धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अनेकांना फक्त बदलीच्या आदेशातच भेटतो.

७.१५
कोपऱ्यावरची टपरी. चहावाला माझ्याशी मराठीत, शेजारच्या किराणावाल्याशी गुजरातीत आणि दूधवाल्याशी अहिराणीत बोलतो, आणि हे सगळं एका गाळणीत. पहिल्या दिवशी त्याने "कथाईन उनात भाऊ?" विचारलं, तेव्हा मी नुसता बघत राहिलो. त्याने लगेच "कुठून आलात?" केलं. चूक माझी, हे त्याने कळूही दिलं नाही. ज्या गावात घरात एक, दुकानात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलतात, तिथे एखादी भाषा न येणं ही रोजची गोष्ट असते. परक्याला हे फार सोयीचं पडतं.

९.२०
शेअर रिक्षा माणिक चौकात थांबते. इथे शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहतासह शाळकरी पोरं गेली. त्या मिरवणुकीतली गाजलेली घोषणा गुजरातीत होती. तरी तो हुतात्मा या गावात कुणाला परका वाटत नाही.

१०.०५
शटर वर. बाहेर पायऱ्यांवर तासभर आधीपासून माणसं बसलेली. आत खुर्च्या सहा. त्यांवर बहुधा पॅंट-शर्टवाले बसतात. डोंगरातून आलेल्या बाया भिंतीला टेकून फरशीवर. खुर्चीवर बसू नका असं त्यांना कोणी म्हणत नाही. बसा असंही कोणी म्हणत नाही.

११.४०
खिडकीशी एक आजी. देवगोई घाटाच्या वरून, मोलगीकडच्या एका पाड्यावरून आलेली, सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी फडक्यात, फडकं कमरेला. गाठ सोडायलाच दोन मिनिटं गेली. मशीनवर अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला. नाही. तिसऱ्यांदाही नाही. आयुष्यभर विळा-कुदळ धरलेल्या अंगठ्यावर रेघा राहतात कुठे! देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. आजीकडे कार्ड आहे. मशीनला आजी मान्य नाही.

मी सवयीने म्हणालो, "उद्या या."

नातवाला मराठी कळत होतं, शाळेतलं. त्याने आजीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, पुन्हा गाठ बांधायला लागली. आमचा शिपाई मागे उभा होता, धडगावकडचा. तो हळूच म्हणाला, "साहेब, त्यांचा उद्या म्हणजे आजचा मुक्काम. कुठे करतील?"

अकरा महिन्यांत मी किती वेळा 'उद्या या' म्हटलं असेल? माझ्या हिशेबात तो एक दिवस होता. त्यांच्या हिशेबात दुप्पट भाडं, बुडालेली मजुरी आणि एसटी स्टॅंडवरची थंडीतली रात्र.

दुसरी वाट होती, फक्त वेळखाऊ. पैसे काढायच्या स्लिपवर शाईचा अंगठा, पासबुकावरच्या फोटोशी ताडणी, साक्षीदार, अधिकाऱ्याची सही. वीस मिनिटं लागली. मागची रांग कुरकुरली. आजीने नोटा तीनदा मोजल्या, आणि मग नातवाने एकदा.

दुपारी २.१०
डबा. शिपायाकडे दादर ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझ्याकडे मेसची पोळी. अदलाबदल ठरलेली. आज विचारलं, "तुला इथे खोली मिळायला किती दिवस लागले?"

"अडीच महिने. तुम्हाला?"

"नऊ दिवस."

त्या नऊ दिवसांत मी सात घरं बघितली होती. प्रत्येक ठिकाणी खोलीची किल्ली दिसायच्या आधी एक प्रश्न यायचा, कधी सरळ, कधी "गावाकडे कोण कोण असतं?" असा वळसा घालून. पण 'बँकेत आहे' म्हटल्यावर मालक सैल व्हायचे. शिपाईही त्याच बँकेत. तो याच जिल्ह्यातला, घाट उतरून आलेला, मी सहाशे किलोमीटरहून जास्त लांबून. तरी परका तोच ठरला. "मला तर आडनाव सांगितल्यावर घरच भाड्याने द्यायचं नाही म्हणायचे," तो ठेच्याचा घास घेत म्हणाला. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, त्या आवाजात.

सायंकाळी ५.४५
गेल्या महिन्यात नवापूरला गेलो होतो. तिथल्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, फलाटावरचं एक बाकडंच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मी फोटो काढत होतो. बाकड्यावरच्या म्हाताऱ्याने हद्द-बिद्द काही न बघता गाठोडं सरकवून मला जागा करून दिली. आज कॅश बंद करताना ते बाकडं आठवलं. शाखेत फरशीवरच्या बायांसाठी दोन बाकडी मागणारा अर्ज लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. वाचून ते म्हणाले, "बघू उद्या."

रात्री ८.००
मेस. शेवभाजी. वाढणाऱ्या काकू मला आता विचारत नाहीत, तिखट कमी टाकू का.

९.३०
अनोळखी नंबर. पुढच्या महिन्यात आमच्या शाखेत येणारा नवा मुलगा, विदर्भातला, पहिलीच नेमणूक. आवाजात काळजी.

"सर, गाव कसं आहे? सगळे शिक्षा म्हणतात."

"माणसं चांगली आहेत. भाषेची काळजी करू नकोस, तेच जुळवून घेतात. पहिला महिना ठसका लागेल, रुमाल ठेव."

"आणि राहायचं?"

"खोलीचं मी बोलून ठेवतो. तुझं पूर्ण नाव पाठव."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही.

"सर," तो म्हणाला, "नुसतं नाव चालणार नाही का?"