जोसॉनकालीन कोरियन पोशाखाची पुनर्निर्मिती : साधने आणि मर्यादा

आखूड जोगोरी (वरचे वस्त्र) आणि छातीवर बांधलेली घेरदार छिमा (घागरा) म्हणजेच कोरियाचा प्राचीन स्त्रीवेष, असा समज रूढ आहे. वस्तुतः हे रूप जोसॉन राजवंशाच्या (१३९२-१९१०) उत्तरार्धातील होय. १७५८ साली जन्मलेल्या शिन युन-बोक या चित्रकाराच्या चित्रांत ते ठळकपणे दिसते. सोळाव्या शतकातील जोगोरी मात्र सैल व कमरेखाली उतरणारी होती आणि तिच्या काखेत घडी घातलेला चौकोनी तुकडा जोडलेला असे. आखूड जोगोरी सोळाव्या शतकातील व्यक्तिरेखेला चढविणे हा चित्रपट-नाटकांतील नेहमीचा कालविपर्यास आहे.

या बदलाचा भक्कम पुरावा थडग्यांतून मिळाला. झू शी यांच्या कुटुंबसंस्कारविषयक ग्रंथाच्या प्रभावामुळे उच्चकुलीनांच्या शवपेटीभोवती चुना, वाळू व माती यांच्या मिश्रणाचा थर घालीत. तो दगडासारखा घट्ट होई, हवा आत शिरत नसे आणि कापड शतकानुशतके टिके. आंदोंग येथे १९९८ मध्ये उघडलेल्या यी उंग-ते यांच्या थडग्यात वस्त्रांसोबत पत्नीने १५८६ साली लिहिलेले पत्र सापडले. तिने आपले केस गुंफून विणलेली पादत्राणेही त्यात होती. अभ्यासकाला वस्त्राची नेमकी तारीख देणारा असा योग क्वचितच येतो.

परंतु थडगे म्हणजे कपाटात नीट रचून ठेवलेला पोशाख नव्हे. शवपेटीतील रिकामी जागा भरण्यासाठी इतर कपडेही कोंबले जात. त्यामुळे सापडलेले प्रत्येक वस्त्र मृताचेच होते असे गृहीत धरता येत नाही. शिवाय मूळ रंग बहुधा तपकिरी पडलेले असतात. मापे व शिवण थडग्यातून घ्यावी, रंगासाठी मात्र चित्रे, लिखित नोंदी आणि नीळ, करडईची फुले यांसारख्या रंगद्रव्यांचे प्रयोग यांकडे वळावे, हेच युक्त.

कापडाची निवड याहून अवघड असते. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असल्याने जोगोरीच्या पाठीवर मधोमध शिवण येते. आजच्या रुंद कापडात तिची गरज उरत नाही. पण ती गाळली, तर वस्त्राची घडण ज्या मागातून आली, त्या मागाची खूणच पुसली जाते.