सरासरी पाऊस : हवामान ओळखण्याची मोजपट्टी

लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी पडला की ‘आता हवामानच बदलले’ असे आपण म्हणतो. तिसऱ्या वर्षी ओढे-नाले वाहिले की तेच आपण विसरतो. अशा एक-दोन वर्षांच्या अनुभवावर पीक निवडणे महागात पडते. यंदाचा पाऊस कमी की जास्त हे ठरविण्यासाठी मोजपट्टी लागते. दीर्घकालीन सरासरी ही ती मोजपट्टी होय.

सरासरी कशी ठरते?

एखादे वर्ष दुष्काळाचे, एखादे अतिवृष्टीचे असते. बऱ्याच वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे हे चढउतार एकमेकांत मुरतात. म्हणून जागतिक हवामान संघटनेने ३० वर्षांचा काळ प्रमाण मानला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसासाठी १९७१ ते २०२० या ५० वर्षांची सरासरी वापरतो. जून ते सप्टेंबर या काळात देशाची ही सरासरी ८७ सें.मी. आहे. देशाचा पाऊस तिच्या ९६ ते १०४ टक्के असल्यास तो ‘सामान्य’ समजतात. जिल्ह्यासाठी मात्र सरासरीपेक्षा १९ टक्के कमी वा जास्त पाऊसही सामान्यच धरतात.

सरासरीही बदलते

मुंबईत मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. नवीन नोंदींच्या आधारे २०२० साली ती ८ ऑक्टोबर करण्यात आली. हवामानातील बदल ओळखायचा तो असा, अनेक वर्षांच्या नोंदींवरून.

सरासरीची मर्यादा

समजा, एका गावात जूनमध्ये एका वर्षी ६० मि.मी. आणि दुसऱ्या वर्षी १८० मि.मी. पाऊस झाला. सरासरी १२० मि.मी. आली, पण तेवढा पाऊस एकाही वर्षी पडला नाही! म्हणून सरासरी म्हणजे अंदाज नव्हे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. आपल्या तालुक्याच्या पावसाची किमान ३० वर्षांची महिनावार आकडेवारी मिळवावी.

२. सरासरीबरोबर सर्वांत कमी व सर्वांत जास्त पाऊस आणि पावसाचे दिवस (२.५ मि.मी. किंवा अधिक) पाहावेत.

३. ३० पैकी किती वर्षांत जूनअखेर पेरणीपुरता पाऊस झाला ते मोजावे. तो १२ वर्षांतच झाला असेल, तर जूनच्या पेरणीवर सारी भिस्त ठेवू नये.

४. शेतात मोकळ्या जागी, झाडांपासून दूर पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ८.३० वाजता वहीत नोंद करावी.

५. सरासरी तारीख उलटली म्हणून पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावर वाफशावर पेरणी करावी. त्यामुळे दुबार पेरणीचा धोका कमी होतो.

यंदापासून ठेवलेली पावसाची वही पुढच्या पिढीला बियाण्याइतकीच उपयोगी पडेल.