लेव्हल एकचा माणूस

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड कंपनीने नोव्हेंबर २००४मध्ये आणला. सहा वर्षांत, म्हणजे २०१० साली, त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. अझेरॉथ नावाच्या त्या काल्पनिक जगात शिरण्याआधी यातल्या प्रत्येकाला एक काम करावं लागलं, ते म्हणजे स्वतःचं कॅरेक्टर बनवणं. बाजू निवडायची, वंश निवडायचा, पेशा निवडायचा, चेहरा आणि केस ठरवायचे, नाव द्यायचं. काम पाच मिनिटांचं, पण हौशी माणूस त्यावर तासभर सहज घालवतो. त्यातला बराचसा वेळ नाकाच्या ठेवणीवर जातो, आणि त्या नाकाचा खेळावर काडीचाही परिणाम होत नाही!

या रिवाजाचं मूळ कॉम्प्युटरवर नाही, टेबलावर आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिलीचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात बळ, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि छाप असे सहा गुण होते. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यातल्या एकाच प्रकारात १८ येतात, तर ९ ते १२ या मधल्या पट्ट्यात १०४ प्रकार बसतात. त्यामुळे फाशांतून निघणारा वीर बहुधा चारचौघांसारखाच असायचा. दान पडेल तसं नशीब, तक्रार कुणाकडे करणार?

दुसरी तऱ्हा कॉम्प्युटरवरची. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ साली 'मड' लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो पूर्ण केला. अनेकांनी एकाच वेळी एकाच जगात खेळायच्या कॉम्प्युटर गेमांचा हा पूर्वज. त्यात चित्रं नव्हती, सगळा कारभार अक्षरांतून चाले. वंश नव्हते आणि पेशेही नव्हते. प्रत्येक जण नवशिक्या म्हणून सुरुवात करी आणि गुण मिळवत जादूगाराच्या पदापर्यंत चढे. हे मुद्दाम केलेलं होतं. बार्टल यॉर्कशरच्या कष्टकरी घरातला. इंग्लंडमध्ये जन्मावरून माणसाची पायरी ठरते याचा त्याला राग होता, आणि आपल्या खेळात माणूस केवळ कर्तबगारीवर वर जावा असं आपल्याला वाटत होतं, हे त्याने पुढे सांगितलेलं आहे.

तिसरी तऱ्हा रिचर्ड गॅरियटची. त्याच्या 'अल्टिमा ४'मध्ये (१९८५, हा एकट्याने खेळायचा गेम) फासे नाहीत आणि याद्याही नाहीत. एक भविष्य सांगणारी बाई सात नैतिक पेच घालते. दर वेळी दोन सद्गुण समोरासमोर उभे राहतात, प्रामाणिकपणा की करुणा, न्याय की त्याग, आणि तुम्हाला एकच निवडता येतो. आठ सद्गुणांतून बाद फेरीने जो उरतो, त्यावरून तुमचा पेशा ठरतो. शौर्य उरलं तर योद्धा, प्रामाणिकपणा उरला तर जादूगार. नम्रता उरली तर मेंढपाळ, म्हणजे आठांतला सगळ्यात दुबळा पेशा. इतकी देखणी युक्ती नंतर फारशी कुणी चालवली नाही, याची हळहळ वाटते.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने नशीब आणि परीक्षा दोन्ही काढून टाकली. पहिल्या लेव्हलचे दोन मानव वॉरियर आकड्यांच्या हिशेबात तंतोतंत सारखे असतात. मग वंशाने किती फरक पडतो? मूळ आवृत्तीचंच उदाहरण घेऊ, ती २०१९पासून 'क्लासिक' नावाने पुन्हा खेळता येते. मानवाचं मूळ बळ २०, बैलमुखी धिप्पाड टॉरेनचं २५ आणि गुडघ्याएवढ्या नोमचं १५. टॉरेन आणि नोम दोघेही वॉरियर झाले तर बळात १० गुणांचा फरक पडतो. वॉरियरला एका बळामागे २ अटॅक पॉवर मिळते आणि १४ अटॅक पॉवरमागे सेकंदाला १ डॅमेज वाढतं. म्हणजे टॉरेनची आघाडी सेकंदाला दीडपेक्षाही कमी. पहिल्या दिवशी ती जाणवते. पण लेव्हल वाढली तरी ही आघाडी वाढत नाही, आणि साठाव्या लेव्हलला चांगलं दोन हाती शस्त्र एकटंच सेकंदाला ५०च्या वर डॅमेज देतं. तेव्हा बळाच्या आकड्यांसाठी वंश निवडण्यात अर्थ नाही. जो डोळ्यांना आवडेल तो घ्यावा.

वंशाचा खरा काच दुसरीकडे होता. कोणत्या वंशाने कोणता पेशा करायचा याचे नियम ठरलेले होते. ड्रुइड हा पेशा फक्त नाइट एल्फ किंवा टॉरेन या वंशांनाच घेता येई, आणि टॉरेनला मेज (जादूगार), प्रीस्ट (पुजारी) किंवा रोग (ठग) होण्याची मुभा नव्हती. जन्मावरून धंदा ठरवणारी ही व्यवस्था आपल्या वाचकाला ओळखीची वाटेल. गेममध्ये ती हळूहळू सैल होत गेली. २०१०मध्ये टॉरेन पॅलाडिन (धर्मयोद्धे) दिसू लागले, आणि २०२२मध्ये मेज, प्रीस्ट आणि रोग हे तिन्ही पेशे जवळजवळ सगळ्या वंशांना खुले झाले.

बाकीचे निर्णयही एकेक करून परत फिरवता येऊ लागले, आणि मला या सगळ्यातली सर्वांत नवलाची गोष्ट हीच वाटते. २००८मध्ये गेममध्ये न्हाव्याची दुकानं आली आणि केस बदलता येऊ लागले. २००९मध्ये जादा पैसे भरून बाजू आणि वंश बदलण्याची सोय झाली. नावही पैसे भरून बदलता येतं. पेशा मात्र आजतागायत बदलता आलेला नाही, कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी. वॉरियर म्हणून बनवलेलं कॅरेक्टर शेवटपर्यंत वॉरियरच राहतं.

आता क्लासिकमध्ये कॅरेक्टर तयार झालं असं धरू. मानव वॉरियर नॉर्थशायर नावाच्या खोऱ्यात, एका मठासमोर उभा राहतो. हातात झिजकी तलवार आणि लाकडी ढाल, पाठीवर १६ कप्प्यांची पिशवी, खायला सुकं मांस, आणि घरी परतण्यासाठी हार्थस्टोन. पैसा एकही नाही. समोरच्या शिपायाच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह, म्हणजे त्याच्याकडे काम आहे. आसपासचे लांडगे तुम्ही हात लावल्याशिवाय अंगावर येत नाहीत. पहिल्या लेव्हलचा लांडगा मारला की ५० अनुभव-गुण मिळतात आणि दुसरी लेव्हल ४००वर आहे. नुसते आठ लांडगे मारले तरी माणूस वर चढतो. एकोणसाठावरून साठाव्या लेव्हलला जायला मात्र दोन लाखांहून अधिक गुण लागतात. नवख्याला पहिल्या तासात भराभर यश द्यायचं आणि मग चढ लावायचा, असा हा कावा आहे.

निवडीच्या पडद्यावर सगळ्यात जड निर्णय मात्र सगळ्यात आधी आणि फारसा विचार न करता होतो, तो म्हणजे अलायन्स की हॉर्ड. या दोन बाजूंना एकमेकांचं बोलणं कळत नाही. हॉर्डवाल्याने हसून 'लोल' टाइप केलं की अलायन्सवाल्याला 'केक' दिसतं. २०२२पर्यंत दोन बाजूंच्या मित्रांना एका गटात मोहिमेवरही जाता येत नव्हतं. आता ते जमतं, पण जुन्या क्लासिकमध्ये भिंत तशीच आहे.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ओळखीचे लोक कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या बाजूला आहेत ते विचारावं. त्यानंतर पेशा ठरवावा : मार खायला पुढे उभं राहायचं, इतरांच्या जखमा भरायच्या, की लांबून मारा करायचा? नाक, केस आणि रंग यांना उरलेला वेळ द्यावा. नाव २ ते १२ अक्षरांचं लागतं आणि देवनागरी चालत नाही. आजच्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलपर्यंत पैसे पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन पेशे करून बघायला हरकत नाही.