त्रेचाळिसावा हिस्सा

बेळगावजवळच्या खानापुरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: माती आक्रसते. कौल असो की कुंडी, ओली असताना थोडी मोठीच घडवावी लागते. वाळताना आणि भट्टीत ती अंग चोरते. १९५४ साली ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था इथे निघाली, ती इथल्या मातीमुळेच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हेच ज्ञान लोखंडात भेटतं. ओतीव लोखंड थंड होताना शेकड्याला साधारण एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्नवाला साच्यासाठीचा लाकडी पॅटर्न तेवढा वाढवून ठेवतो. आमच्या काकांची हयात त्यात गेली.

त्यांच्या हातात मी एकदा पांढऱ्या धातूची, तळहातावर मावणारी मोटार ठेवली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पार्टिंग लाइन कुठं गेली रे हिची?" साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे धातूची बारीक रेघ उठतेच. इथे ती घासून पार नाहीशी केली होती. काका म्हणाले, "घासणाऱ्याचा हात चांगला आहे."

त्या हातावरच छोट्या प्रतिकृती मोटारींचा हा सगळा धंदा उभा आहे. दुकानातली खेळण्यातली मोटार पोलादी डायमध्ये दाबाने ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची असते. डाय महाग, म्हणून नग लाखांनी काढावे लागतात. पण डाय टिकतेही फार. लिव्हरपूलच्या 'डिंकी' या खेळण्यातल्या मोटारींच्या जुन्या डाय १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आल्या आणि त्यांतून 'निकी' नावाने नव्या गाड्या निघाल्या.

मोजके नग काढणाऱ्यांची रीत उलटी. जॉन हॉल यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या ब्रुकलिन गावी, घराच्या तळघरात, १९३३ च्या पिअर्स ॲरो मोटारीची प्रतिकृती काढली. ब्रुकलिन मॉडेल्सचा जन्म तो. १९७९ मध्ये कारखाना इंग्लंडमधल्या बाथला गेला. अशा ठिकाणी आधी हाताने एक मूळ नमुना घडतो. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करतात आणि साच्यात रेझिन. काही डझन नग निघाले की साच्याच्या कडा फाटू लागतात. दुसरी रीत पांढऱ्या धातूची. पांढरा धातू म्हणजे कथील, शिसं आणि अँटिमनी. तो कमी उष्णतेला वितळतो. गरगर फिरणाऱ्या रबरी तबकडीत ओतला की फिरण्याच्या जोराने कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. वायपर आणि जाळी पितळी पत्र्यातून आम्लाने कोरून काढतात. जुन्या छापखान्यात चित्रांचे जस्ती ब्लॉक करत, तीच ही विद्या.

प्रमाण बहुतेक १:४३. ते आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून: खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर. आपली जुनी फियाट या हिशेबाने जेमतेम नऊ सेंटीमीटर भरते. पण भागाकार केला की मोटार झाली, असं होत नाही, आणि मला या कामाचं मोठेपण तिथेच वाटतं. खऱ्या दाराभोवतीची फट धरा चार मिलिमीटर. त्रेचाळिसाने भागली की उरते मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्यावर रंगाचे दोन हात बसले की ती बुजलीच! मग कारागीर ती मुद्दाम रुंद आणि खोल कोरतो. माप चुकवतो, तेव्हा कुठे डोळ्याला गाडी खरी दिसते. छपराचा बाक, बॉनेटचा उतार, चाकावरची सावली, सगळीकडे हेच. किती चुकवायचं ते कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. खऱ्या गाडीभोवती पुन्हा पुन्हा फिरून आलेला माणूसच ते ठरवू शकतो.

म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या फियाटचा नमुना आपल्या माणसाने कोरावा. मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ती बनत होती; आमच्या पिढीची कितीतरी वरातींची, दवाखान्यांची, गणपतीला गावी येण्याची आठवण तिच्या मागच्या सीटवर बसलेली आहे. साचा, ओतकाम, कानस या गोष्टी उद्यमबागेला नव्या नाहीत.

काकांना हे बोललो, तेव्हा ते त्या मोटारीच्या दारावरून अंगठ्याचं नख फिरवत होते. फटीत नख किंचित अडकलं. ते थांबले, पुन्हा फिरवलं. मग म्हणाले, "फियाटची दारं पुढची नीट बघून यायला पाहिजेत. कुणाकडं उभी आहे का गावात?"